कान्हेरीच्या पायऱ्यांवरची काकडीवाली

बोरिवलीत जन्म घालवून कान्हेरीची लेणी पाहिली नाहीत, म्हणून बायको मला टोमणे मारायची. ती वारल्यावर एका रविवारी एकटाच गेलो.

पायऱ्यांवर एक म्हातारी काकड्या विकत होती. काकडी घेतली की इतिहास फुकट. मिठाचं बोट लेण्याकडे दाखवत ती एका जोडप्याला सांगत होती, "तो दगडी ओटा दिसतो ना? बडबड्या भिक्खूला तिथे एकटं बसवायचे."

जोडपं तिकडे वळल्यावर मी हळूच म्हणालो, "मावशी, तो झोपायचा ओटा आहे. पाटीवर लिहिलंय."

"मला माहीत नाही काय? खरं सांगितलं की लोक फोटो काढून सटकतात. खोटं सांगितलं की खात्री करायला पाटी वाचतात. ते बघा!"

जोडपं खरंच पाटीपुढे उभं होतं.

"एकटेच आलात, काका?"

बायको कुठेही गेली तरी प्रत्येक पाटी शेवटपर्यंत वाचायची. ती गेली, हे मला अजून मोठ्याने म्हणता येत नव्हतं.

"बायको मागे आहे," मी म्हणालो. "पाटी वाचतेय."

मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुसरी काकडी चिरली. "मग तिची पण घ्या."

दोन्ही मीच खाल्ल्या.

पुढच्या रविवारी मला पाहताच तिने न विचारता दोन काकड्या काढल्या. "काय काका, झाली का पाटी वाचून?"

"नाही अजून. सावकाश वाचते ती."

"वाचू दे," ती म्हणाली आणि दुसऱ्या काकडीलाही मीठ लावलं.