दुसऱ्याच्या वाडीतला लोंगर

माझी आई देवाशी हिशेब चोख ठेवणारी बाई. हे मी कौतुकानं सांगतेय, तक्रार म्हणून नाही. या चोखपणापायी आमची भुईगावची वाडी एकदा विकायला निघाली होती आणि याच चोखपणामुळे ती वाचली. आईचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. गावात कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

वाडी तशी लहानच. घरामागे केळी, कडेला थोडी भाजी, मधे विहीर. दरवर्षी पहिला लोंगर, म्हणजे केळीचा अख्खा घड, देवळात जायचा. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. सुगीच्या रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, झाली की आवारात या फळाभाजीचा लिलाव होतो आणि पैसे गरजूंसाठी जातात. आई याच्याही पुढची. अंडी विकली, माठाची भाजी विकली, काहीही विकलं तरी हातात पडेल त्याचा दहावा भाग ती आधी बाजूला काढायची आणि मग उरलेले पैसे कनवटीला लावायची. आपण मालक नाही, राखणदार आहोत, असं तिचं म्हणणं. लहानपणी मला खाऊला मिळालेल्या पैशांतूनही तिनं दशांश वसूल केलेला आहे. सरकारलासुद्धा इतकं जमत नाही.

बाबा गेल्यावर आई वालीवला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागली. काही वर्षांत तिनं तिथलंच, खोक्यांना तारेचे टाके मारायचं एक जुनं मशीन विकत घेतलं, लहानसा गाळा भाड्यानं घेतला आणि स्वतःचं काम सुरू केलं. गावातल्या आठ बायका तिच्याबरोबर आल्या. सुरुवातीला पुठ्ठा गिऱ्हाइकाचा आणि मेहनत आमची, म्हणजे येईल ती मजुरी. मजुरीतून दशांश काढला तरी कुणाचं काही अडत नव्हतं. पुढे कामं वाढली, पुठ्ठा आम्हीच आणू लागलो, जीएसटीचा नंबर आला, बिलं मोठी झाली. गाळ्याच्या दारावर पाटी लागली तेव्हा आईनं फादरांना बोलावून आशीर्वाद घेतला आणि सगळ्यांना वडे खाऊ घातले.

मी तेव्हा वसईतच एका सीएच्या ऑफिसात नोकरीला होते. दिवसभर दुसऱ्यांचे कर भरायचे, पण आईच्या वह्यांना हात लावायची मला मुभा नव्हती. घरच्या माणसानं घरच्या माणसाचा बटवा उघडू नये, नाहीतर जेवताना भांडणं होतात, हा तिचा कायदा. तिचा हिशेब एक सल्लागार बघायचा, आणि तो काय बघायचा ते एका पावसाळ्यात कळलं. कित्येक महिन्यांचा जीएसटी भरायचा राहिला होता, वर व्याज चढलं होतं आणि नोटीस आली होती. काम भरपूर, गिऱ्हाईक वेळेवर पैसे देणारं, तरी कर भरायच्या वेळी खात्यात काही उरतच नव्हतं.

सल्लागारानं घरी येऊन उपाय सांगितला. खरेदीची काही खोटी बिलं तो मिळवून देणार होता, म्हणजे कर कमी दिसेल. आणि आयकरासाठी एका ट्रस्टला चेकनं देणगी द्यायची. पावती मिळेल, थोडं कमिशन कापून बाकी रक्कम रोख परत येईल. सगळे करतात, असंही म्हणाला. आईनं त्याला चहा पूर्ण पिऊ दिला, बिस्किटं पुढे केली आणि मग शांतपणे विचारलं, "देवाच्या नावानं द्यायचं आणि मागच्या दारानं परत आणायचं?" तो हसला. आईनं त्याच्याकडच्या आपल्या वह्या मागून घेतल्या आणि ती त्याला फाटकापर्यंत सोडून आली. त्या दिवशी मला तिची पाठ थोपटावीशी वाटली, पण तिच्या पाठीवर हात ठेवायची हिंमत घरात कुणाचीच नाही.

कर मात्र भरायचाच होता. आईनं दुसरा मार्ग काढला. विहिरीपलीकडची वाडी विकायची. बिल्डरांचे दलाल आमच्या गल्लीत घिरट्या घालतच असतात, त्यातल्या एकाला तिनं निरोप धाडला. मी हादरले. वाडी गेली की आमचं भुईगावातलं काय राहिलं? आता आईचा बटव्याचा कायदा मोडणं भाग होतं. मी वह्या मागितल्या आणि तिनं मुकाट्यानं दिल्या. तेव्हाच मला कळलं की ती किती घाबरलीय.

गळती कुठे आहे हे शोधायला मला वह्या फार चाळाव्या लागल्या नाहीत. मी सरळ विचारलं की दशांश कशातून काढतेस. ती म्हणाली, जेवढे आले त्यातून. म्हणजे पुठ्ठ्याचे पैसे, भाडं, बायकांचा पगार, काही वजा न करता. एवढंच नाही, बिलावर गिऱ्हाइकाकडून जो कर घेतलेला असतो, त्याचाही दहावा भाग ती देवाला देत होती. बिल बँकेत जमा झालं की त्याच दिवशी दशांश काढायचा आणि रविवारी पाकिटात घालून देवळातल्या अर्पणाच्या पिशवीत टाकायचा. भाजीच्या टोपलीचा हिशेब तिनं जसाच्या तसा कारखान्याला लावला होता. आमच्या गावच्या बाईशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं. त्याऐवजी मी तिला नफा म्हणजे काय, खर्च म्हणजे काय, हे कागदावर मांडून दाखवलं. तिनं कागद बघितलासुद्धा नाही. हाताला लागलं की आधी देवाचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, आणि त्यात पुठ्ठ्याचा भाव कुठे येत नव्हता. देवाशी केलेला करार मी मोडायला सांगतेय असं तिला वाटत होतं. मला राग आवरेना. वाडी विकून तरी किती वर्षं पुरणार, असं मी ओरडले, आणि दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी दलाल वाडी बघायला आला. आई पुढे, तो मागे, मी सगळ्यात मागे चिडलेली. विहिरीपलीकडे शेजारच्या काकीच्या वाडीची हद्द लागते. तिथली एक केळ कुंपणावरून आमच्या बाजूला वाकली होती आणि तिला चांगला भरलेला लोंगर लटकत होता, अगदी आमच्या हाताशी. अशा केळीला आम्ही मुलांनी कधी बोटही लावलेलं नाही. आईनं लावू दिलं नसतं.

काय मनात आलं कोण जाणे, मी म्हटलं, "कोयता आणते. हा तोडू आणि यंदा हाच देवळात देऊ."

आई गरकन वळली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ते इथे सरळ मराठीत उतरवतेय. "वेड लागलं का तुला?" ती म्हणाली. "झाड काकीचं आहे."

"आपल्या कुंपणात आलाय ना? हाताला लागलाय की."

"हाताला लागला म्हणून आपला होत नाही. दुसऱ्याच्या वाडीतला लोंगर देवाला द्यायचा म्हणजे चोरी."

"बिलातला कर असाच असतो, आई," मी म्हटलं. "झाड सरकारचं आहे. आपल्या बाजूला नुसता लटकलेला असतो."

ती लोंगराकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, आणि पुठ्ठा? मी म्हटलं, पुठ्ठेवाल्याचा. आणि पगार? बायकांचा. दलाल बिचारा भाव सांगायला थांबला होता. आईनं त्याला सांगितलं की वाडी विकायची नाही, तुमची फेरी फुकट गेली, दोन शहाळी घेऊन जा.

पुढचं वर्ष मी कधी विसरणार नाही. आईनं ठरवलं की आधी ज्याचं त्याला जाईल आणि सरकारची बाकी फिटेपर्यंत अर्पणाच्या पिशवीत पाकीट जाणार नाही. फादरांना तिनं स्वतः जाऊन सगळं सांगितलं. दिलेलं परत मागायला नव्हे, पुढे का देणार नाही ते सांगायला. ते म्हणाले, अगदीच काही न देण्याइतकं कडक व्हायला नको. ती म्हणाली, दुसऱ्याचं देणं डोक्यावर असताना माझं असं काही नाही. रविवारी अर्पणाची पिशवी बाकांवरून फिरायची. देवळात सगळ्यात जाड पाकीट जिचं, ती माझी आई रिकाम्या हातानं पिशवी पुढे सरकवायची. आजूबाजूच्या बायका बघायच्या. मला शरम वाटायची आणि मी खाली बघायची. ती मात्र ताठ बसायची.

गाळ्यात मी नवी शिस्त लावली. बिलाचे पैसे आले की त्यातला कर त्याच संध्याकाळी वेगळ्या खात्यात जायचा. आई त्या खात्याला काकीचं झाड म्हणते. चार पैसे कमी पडले तरी तिनं त्या खात्याला हात लावला नाही. एरवी मी ऑफिसात मोठमोठ्या मालकांना हेच सांगून थकते, आणि ते मान डोलावून पुन्हा तेच करतात.

बाकी फिटल्यावर दशांश पुन्हा सुरू झाला, आता नफ्यातून. त्यातला थोडा भाग वृद्धाश्रमाच्या ट्रस्टला चेकनं दे, म्हणजे करात सूट मिळेल, असं मी सुचवलं तेव्हा आई फिस्कारली. देवाकडून पावती घ्यायची? मी म्हटलं, तूच म्हणतेस ना आपण राखणदार आहोत, मग मालकाचे पैसे वाचत असतील तर सोडायचे कशाला? या एका वाक्यावर ती माझ्यापुढे हरली आणि पावती घेतली. वाचलेल्या करातून मशीनच्या टाके मारणाऱ्या तोंडाला जाळी बसवली, कारण एका बाईच्या बोटाला मागे इजा झाली होती.

दशांश पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्या सुगीच्या रविवारी आईनं वाडीतला पहिला लोंगर नेला. वाऱ्यानं केळी झोडपल्या होत्या, त्यामुळे लोंगर बारका, फण्या विरळ. पाकीटही पूर्वीच्या मानानं पातळ. आवारात काकीनं ते बघितलं आणि यंदा हात आखडलेला दिसतो, असं चार जणींत म्हणाली.

आईचा आवाज नेहमीचाच होता. "आधी मोठं द्यायची, पण ते सगळं माझं नव्हतं. हे बारकं आहे, पण माझ्याच वाडीतलं आहे."

काकीला काही कळलं नाही, मला कळलं. लिलावात तो लोंगर निघाला तेव्हा मी हात वर केला. कुणीतरी बोली चढवली, मी आणखी चढवली. तेवढ्या पैशांत बाजारात तीन लोंगर आले असते. लोक हसायला लागले. आईनं माझं कोपर धरलं आणि कानाशी विचारलं, "कर भरून उरलेले आहेत ना?"

पगारातून कर कापूनच पैसे हातात येतात, मी म्हटलं. तिनं कोपर सोडलं आणि बोली लावायला माझा हात स्वतःच वर केला.