नोनी क्रीडनच्या कुंपणावरचं धुणं

नोनी क्रीडन म्हणजे आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डोंगरातलं एक प्रस्थच होतं. पाद्रीबाबा असोत की पोलीस, तिने कधी कुणाची भीड ठेवली नाही.

इंग्रजांशी लढाई चालू होती तेव्हा तिचं घर म्हणजे डोंगरात लपून लढणाऱ्या बंडखोर पोरांचं हक्काचं ठिकाण. कुंपणावर पांढरी चादर दिसली की खुशाल या, लाल परकर दिसला की डोंगरातच थांबा. ही युक्ती बॅट केलहरची. शेजारच्या खोऱ्यातला हा पोरगा, पण नोनीच्या हातचा पाव आणि ताक यावरच वाढलेला. तिचा मुलगा डोनल सदानकदा त्याच्या मागे.

मग इंग्रजांशी तह झाला आणि मेलं सगळंच फिसकटलं. बॅटला तह पटला, तो नव्या सरकारचा जनरल झाला. डोनलला पटला नाही, तो त्याच सरकारविरुद्ध बंदूक घेऊन पुन्हा डोंगरात गेला.

"माझी दोन पोरं होती, आता दोन फौजा झाल्यात," नोनी म्हणायची. "दोघांच्याही थोबाडीत द्यायला हव्यात!"

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जनरल बॅट केलहर तिच्या दारात उभा राहिला. बरोबर डब्लिनचा एक कॅप्टन होता, आणि गोठ्यात शिपाई लपवलेले. डोनल आज घरी येणार, अशी खबर कुणीतरी दिली होती. खबर खरी होती.

"बाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हातारे," कॅप्टनने दम भरला.

नोनी बॅटकडे वळली. "आणि तू रे? माझ्या पोराला माझ्याच घरात धरणार? आधी दोन घास खा बाबा. रिकाम्या पोटी असलं पाप झेपायचं नाही."

बॅट मान खाली घालून बसला. कुंपण मोकळंच होतं; धोका सांगणारं त्यावर काही नव्हतं. लाल परकर चुलीशेजारच्या टोपलीत ओला पडला होता. नोनीची नजर सारखी टोपलीकडे जात होती. दारातून तर जाता येत नव्हतं.

एकाएकी बॅट उठला आणि त्याने टोपली उचलली. "मावशी, धुणं कुबट होईल की!"

कॅप्टन हसला. "जनरलसाहेब, सरकारने तुम्हाला धोबी कधी नेमलं?"

"हिचं मीठ खाल्लंय मी," बॅट म्हणाला आणि बाहेर गेला.

नोनी खिडकीतून बघत होती. बॅटने परकर झटकला, कुंपणावर नीट पसरला, आणि डोंगरातून गोळी आली. तो कुंपणातच कोसळला. शिपाई डोंगराकडे धावले, पण डोनल निसटला होता. नोनीने बॅटला आपल्या जेवणाच्या टेबलावर निजवलं, त्याचं तोंड पुसलं आणि धाय मोकलून रडली.

अमेरिकेला पळण्याआधी डोनल चोरून घरी आला. पोराच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"आई, तू परकर टाकलास आणि तो काढायला आला. आपलीच खूण आपल्यावर उलटवत होता. काढतच होता ना गं?"

नोनी आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. "हो रे बाळा. काढतच होता."

डोंगरातल्या पोरांनी तेच गावभर सांगितलं. बॅट केलहरचं नाव दगाबाज पडलं.

डोनलची बोट सुटली तशी नोनी चालत बॅटच्या आईकडे गेली. एलन केलहर गोठ्यात धार काढत होती. नोनीने तिला सगळं सांगितलं, गोळी कुणाची तेसुद्धा.

"एलन, येत्या रविवारी चर्चच्या दारात उभी राहून सगळ्यांना सांगते. तुझ्या बॅटचं नाव मी धुऊन काढते."

एलनने बादली बाजूला सरकवली. तिने गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"इथली गोष्ट अमेरिकेत पोचायला कितीसा वेळ लागतो?" ती म्हणाली. "आपण कुणाला मारलं ते कळल्यावर तुझा डोनल जगेल?"

नोनीने बादली उचलून उंबऱ्याशी नेऊन ठेवली.

"आणि तो जगला नाही, तर मग माझा मेला कशासाठी?" एलनने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. "मला कळलं, तेवढं पुरे."

रविवारी चर्चच्या दारात कुणीतरी बॅटचं नाव घेतलं आणि पचकन थुंकलं. नोनी त्या माणसाकडे वळली, तोंड उघडणार तोच एलनने तिचा दंड घट्ट धरला आणि तिला आत नेलं.