हॉटेलच्या मासवड्या
तीळ-खोबरं भाजल्याचा वास आला की कळंबच्या घरातली ती दुपार आठवते आणि माझं डोकं तापतं. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि मला बघायला पुण्याचे पाहुणे आले होते. आईनं सकाळपासून राबून मासवड्या केल्या. गरम बेसन ओल्या फडक्यावर थापून, त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून तिचे तळवे लालभडक झाले होते. पाहुण्यांनी वाखाणताच काका ऐटीत म्हणाले, “मंचरच्या हॉटेलातून मागवल्यात, पावणं!” आईचा चेहरा उतरला. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, तिचे तळवे दाखवत म्हणाले, “हे बघा ते हॉटेल!” काका माझ्यावर डाफरले, तशी आई त्यांना म्हणाली, “भावजी, आजून घ्या की, हॉटेल बंद व्हायच्या आत.” स्थळ मोडलं. काका आजही माझ्या तोंडाला दोष देतात. देऊ देत, आईचे कष्ट दुसऱ्याच्या नावावर खपवून जमणारं लग्न मला नकोच होतं.