तारखेनंतरची दहा मिनिटं

महिन्यापूर्वी, एका मंगळवारी सकाळी ऑफिस उघडलं आणि पहिल्याच अपॉइंटमेंटला कुसुममावशी येऊन बसल्या... देवळाली कॅम्पच्या. मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकले, त्या माझ्या सरांच्या वेळच्या क्लायंट, आणि त्या वेळच्या आता एवढ्या एकट्याच उरलेल्या.

चहा आला, पण कपाला हात न लावता त्या म्हणाल्या, एनओसी पाहिजे. वकील बदलायचा असला की आधीच्या वकिलाकडून असं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. आजवर किती जणांना सही करून दिली असेल, पण या वेळी पेन उचलण्याआधी कारण विचारावंसं वाटलं.

आमच्या ऑफिसबद्दल थोडं सांगायला हवं. सर गेले तेव्हा त्यांची प्रॅक्टिस माझ्याकडे आली... म्हणजे फायलींची तीन कपाटं, आणि कुठल्या फायलीत काय आहे ते फक्त सरांना ठाऊक. मी मॅनेजमेंटचा कोर्स केला, सॉफ्टवेअर आणलं, ज्युनिअर्स घेतले. आता क्लायंटला ठरलेली वेळ मिळते, फोनला त्याच दिवशी उत्तर जातं आणि कोर्टात तारीख पडली की संध्याकाळच्या आत मेसेज. बाकीचे वकील येऊन आमची सिस्टीम बघून जातात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

त्यामुळे मावशींना मी पहिलं तेच विचारलं. मेसेज वेळेवर येत नाहीत का, कुणी उद्धट बोललं का, फोन उचलला जात नाही का... मावशी सगळ्याला मान हलवून नाही म्हणत होत्या. मी मात्र आमच्या फीडबॅक फॉर्ममधले प्रश्न एकामागून एक विचारत सुटले होते.

शेवटी त्याच म्हणाल्या, "मेसेज येतो ना. लेक वाचून दाखवतो. पण मॅडम, आत काय झालं ते आता कोण सांगतंय?"

आणि मला सर दिसले... कोर्टाच्या व्हरांड्यात, बगलेत फाइल धरलेले. केसचा पुकारा व्हायचा, दोन मिनिटांत पुढची तारीख पडायची, आणि सर क्लायंटला बाहेर एका कोपऱ्यात घेऊन म्हणायचे, चला, आत काय झालं ते सांगतो. जज काय म्हणाले, समोरच्या वकिलांनी आवाज का चढवला, आपण गप्प का बसलो... सगळं साध्या मराठीत. क्लायंटनं ते परत सांगून दाखवलं की मगच ते पुढच्या केसला पळायचे.

मी तेव्हा त्यांची बॅग धरून शेजारी उभी असायचे आणि मनातल्या मनात चिडायचे. दुसऱ्या कोर्टात पुकारा होईल, सर इथे गप्पा काय मारतायत! पुढे ऑफिसात शिस्त आणताना पहिली कात्री मी त्या दहा मिनिटांनाच लावली. 'आपण हजर राहण्याची गरज नाही' असं मेसेजमध्येच घालून टाकलं... लोकांची खेप वाचावी म्हणून, अगदी चांगल्या मनानं.

मावशींचा दावा वाटेचा आहे. पुढे दिराचं घर, मागे यांचं, आणि मधली वाट दिरानं अडवली तर यांना घराबाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. प्रत्येक तारखेला त्यांच्या जिवाला घोर, आणि आमचा मेसेज काय, तर 'स्टेज: पुरावा'.

म्हटलं, एवढंच ना मावशी, आत्ता सांगते. लॅपटॉप उघडला... मागची तारीख, पुढची तारीख, हजर कोण तर ज्युनिअर. बस. मावशी ऐकायला खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. वर्षभरात मी त्या कोर्टात एकदाही उभी राहिले नव्हते.

ज्युनिअरला फोन लावता आला असता. पण त्या इतक्या आशेनं बघत होत्या की त्यांच्यासमोर तो फोन लावायची मला लाज वाटली. लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "मावशी, मला माहीत नाही."

त्या रागावल्या नाहीत... तेच जास्त लागलं. उलट माझीच समजूत काढायला लागल्या, "तुमची काय चूक नाय. काम लय वाढलंय तुमचं." मी सही केली, कपाटातून फाइल स्वतः काढून दिली आणि गेटपर्यंत सोडायला गेले.

नवा वकील म्हणजे माझाच लॉ कॉलेजचा मित्र. ना ऑफिस, ना वेबसाइट, कोर्टाच्या आवारात एक टेबल टाकून बसतो. 'अरे, जरा धंदा शीक' म्हणून मी त्याला कायम चिडवत आले आहे.

काल त्या केसची तारीख होती. सॉफ्टवेअरमधून केस काढली होती, डोक्यातून निघाली नव्हती... माझं काम खालच्या मजल्यावर होतं तरी मी वर गेले.

व्हरांड्यात दोघं उभे होते. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता, मग मावशी बोटं मोजत त्याला ते परत सांगायला लागल्या. कुठेतरी चुकल्या असाव्यात, कारण दोघंही हसले... सर गेल्यापासून मावशींना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी तिथूनच मागे फिरले. सरांची इतकी आठवण आली की जिन्यात थोडा वेळ थांबावं लागलं... मावशींना त्यांचा वकील मिळाला, याबद्दल मित्राचे मनापासून आभार. पण तो वकील मला व्हायचं होतं.