सोमवारी लेणी बंद

इंदुमती तायडे मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या. नवरा शामराव रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा मुलगी गौतमी अजून दुधाच्या बाटलीवर होती. आता गौतमी बंगळुरात नोकरी करते, शामराव निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि दोघं विद्याधर नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लिफ्ट नाही. शामरावांचा उजवा गुडघा जिना दिसला की आधीच कुरकुरायला लागतो.

जयपुरातल्या मराठी बायकांचं एक छोटंसं मंडळ आहे. रेल्वेतल्या काही, लष्करातल्या काही, एक-दोघी बँकेतल्या. दर हिवाळ्यात मंडळाची सहल निघते, आणि गेली बावीस वर्षं ती सहल म्हणजे इंदुमतीबाई. कोणाला बस लागते, कोणाला खालचा बर्थ हवा, कोण कांदा खात नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. सांची झालं, दिलवाडा झालं, सारनाथ झालं. राहिलं होतं अजिंठा.

अजिंठ्याचा विषय निघाला की इंदुमतीबाईंचा आवाज बदलायचा. "आमच्या घरापासून तासाभराच्या आत," त्या सांगायच्या. "आमचं अजिंठा. काय ते डोळे, काय तो हातातला कमळाचा दांडा!" बायका ऐकत राहायच्या. इंदुमतीबाई बौद्ध घरातल्या, त्यात माहेर तिकडचं, तेव्हा अजिंठ्यावर त्यांचा शब्द शेवटचा, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. खरी गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती. त्या अजिंठ्याला आयुष्यात एकदाच गेल्या होत्या, पाचवीत असताना, शाळेच्या सहलीत. अंधारात पुढच्या मुलींच्या वेण्या दिसल्या, बाई ओरडल्या, "चला, चला, रांग सोडू नका," आणि लेणी संपली. कमळाचा दांडा त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता.

जूनमध्ये रुचिता कदम मंडळात आली. नवरा सैन्यात नायब सुभेदार, नुकतीच बदली झालेली. ती साताऱ्याची, बत्तीस वर्षांची, चित्रकलेची पदवी घेतलेली. पहिल्या दिवशी तिने वाकून नमस्कार केला तेव्हा इंदुमतीबाईंना ती आवडली. दुसऱ्या वेळी तिने कलावतीताईंच्या दिवाणखान्यातलं कापडावरचं राजस्थानी फड चित्र कोणत्या गावचं ते ओळखलं, तेव्हा जरा कमी आवडली.

सहलीची बैठक कलावतीताई खरेंच्या जवाहर नगरच्या घरी भरली. कलावतीताई मंडळाच्या अध्यक्ष, एकाहत्तर वर्षांच्या, सगळ्यांशी सारख्याच गोड. इंदुमतीबाईंनी नेहमीप्रमाणे सगळं ठरवूनच आणलं होतं. नागनाथ म्हणून त्यांच्या ओळखीचा एक सहलवाला होता, त्याची बस.

"पाच दिवसांत सात ठिकाणं," त्यांनी सांगितलं. "शिर्डी, घृष्णेश्वर, वेरूळ, मकबरा, सगळं. जेवण घरगुती."

"छानच आहे, काकू," रुचिता म्हणाली. "यात अजिंठ्याला किती वेळ आहे?"

"दोन-अडीच तास. पुरतात."

"आणि गाइड?"

"मिळतो की दारात."

रुचिताने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "मी पण जरा शोधाशोध केली होती. सांगू का? नको असेल तर राहू दे."

राहू दे कोण म्हणणार? तिने तीन सहली पाहून ठेवल्या होत्या. पहिलीत चाळीस माणसं आणि गाइडच्या हातात भोंगा. दुसरीत कानाला लावायचं यंत्र, त्यात इंग्रजीतून आवाज. तिसरीत बारा माणसं, दोन दिवस फक्त अजिंठा, आणि सोबत एक निवृत्त प्राध्यापक, मराठीतून सांगणारे.

"ते आत गेल्यावर पाच मिनिटं काही बोलतच नाहीत," रुचिता म्हणाली. "सगळ्यांना नुसतं उभं करतात. डोळे अंधाराला सरावले की भिंतीतून चित्रं वर येतात, असं लिहिलंय लोकांनी. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी थोडीच माणसं सोडतात, तीही मोजकी मिनिटं. चाळीसजणी असलो तर निम्म्या जणींना पाठीच दिसणार."

इंदुमतीबाईंनी झटकन मान वर केली. पाठीच दिसणार! जणू ही पोरगी पाचवीच्या त्या रांगेत त्यांच्या मागेच उभी होती.

"काकू, तुम्ही तर तिकडच्याच," रुचिता त्यांच्याकडे वळली. "बरोबर बोलतेय ना मी?"

"हो," इंदुमतीबाई म्हणाल्या. "बरोबरच आहे."

हात वर झाले. अकरापैकी अकरा. शेवटचा हात इंदुमतीबाईंचा होता, आणि तो वर नेताना खांद्यावर कुणी गव्हाचं पोतं ठेवलंय असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून त्यांना रुचितात खोट दिसायला लागली. तिच्या पोह्यांत शेंगदाणे नसतात. ती मोठ्यांदा हसते. बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावते. मंडळाच्या ग्रुपवर तिने चित्रांचे फोटो टाकले की खाली लाल बदामांची रांग लागायची, आणि इंदुमतीबाई ती रांग वरपासून खालपर्यंत वाचायच्या, कोणी कोणी बदाम दिलाय ते. पूर्वी पुरणाच्या पोळीची कृती असो की जावयाच्या बदलीचा सल्ला, फोन त्यांना यायचे. आता कलावतीताईसुद्धा म्हणायच्या, "रुचिताला विचारूया."

सगळ्यात लागलं ते शामरावांचं. या खेपेला बाराव्या जागेवर तेही सहलीला येणार होते, आणि एक दिवस ते फोनवर हसत बोलत होते. फोन ठेवून म्हणाले, "रुचिता होती. डोलीचं विचारत होतो. मतलब, माझा गुडघा असा. तिने सगळं काढून ठेवलंय, डोली कुठे मिळते, कुठल्या लेण्यापर्यंत जाते. हुशार पोरगी आहे."

"मला विचारायचं होतं. माझं माहेर आहे तिथे."

"तुला काय माहीत डोलीचं?" शामराव साधेपणाने म्हणाले, आणि पेपर उघडला.

इंदुमतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच डाळीचा डबा घासून काढला. धुतलेला डबा.

दसरा झाला. तारखा ठरल्या, मग कलावतीताईंच्या नातवाच्या बारशामुळे दोन दिवस पुढे गेल्या. रुचिताने नवा कार्यक्रम ग्रुपवर टाकला. रविवारी संध्याकाळी मुक्कामी पोहोचायचं, सोमवारचा अख्खा दिवस लेणी, मंगळवारी दुपारपर्यंत पुन्हा लेणी आणि रात्रीची गाडी. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवा, म्हणजे नोंदणी पक्की करते, असं खाली लिहिलं होतं.

इंदुमतीबाईंनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. सोमवार.

त्यांच्या धाकट्या भावाची, सदाशिवची, फर्दापूरला चहाची गाडी होती, लेण्यांच्या वाटेवर. लहानपणापासून त्यांनी एक गोष्ट ऐकली होती: सोमवारी धंदा नाही, सोमवारी लेणी बंद. भावाचं लग्नसुद्धा सोमवारी लागलं होतं, त्या दिवशी सगळे मोकळे असतात म्हणून. आधीच्या तारखांत शनिवार-रविवार होते. तारखा दोन दिवस पुढे ढकलताना एवढी हुशार पोरगी वार बघायचंच विसरली होती.

त्यांनी बोट टेकवलं, 'सोमवारी' एवढं लिहिलं, आणि पुसून टाकलं.

त्यांनी काहीच ठरवलं नाही, फक्त लिहिलं नाही. मंगळवार गेला. बुधवारी भाजी निवडताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम चित्र उभं राहिलं: लेण्यांचं बंद फाटक, अकरा बायका, आणि मधोमध रुचिता, चेहरा पडलेला. कलावतीताई म्हणताहेत, इंदुमतीच बरी होती गं. त्या चित्रात इतका गोडवा होता की त्यांनी मेथीची जुडी तशीच हातात धरून ठेवली. मग वाटलं, आपण कोण झालो आहोत? पण फोन उचलला नाही.

गुरुवारी संध्याकाळी शामराव दिसेनात. दार उघडून पाहिलं तर ते जिन्यात होते. कठडा धरून खाली उतरत होते, पुन्हा वर येत होते. कपाळावर घाम.

"हे काय चाललंय?"

"चौथी फेरी," ते धापा टाकत म्हणाले. "पंधरा दिवस करतोय. तू भाजीला जातेस तेव्हा. डोलीत बसून गेलो तर लोक म्हणतील, तायडे बुवाला उचलून आणलं. सव्वीस नंबरच्या लेण्यात तथागत आडवे आहेत ना, महापरिनिर्वाणाचे, तिथे तरी आपल्या पायांनी जावं म्हणतो. बापाने सांगितलं होतं, एकदा बघून घे."

इंदुमतीबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. 

"सोमवारी लेणी बंद असतात," त्या शेवटी म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. सदाशिवची गाडी सोमवारी बंद असते. मला सोमवारपासून माहीत आहे. म्हणजे कार्यक्रम वाचला तेव्हापासून."

शामरावांनी कठड्यावरचा हात काढला नाही. "आणि सांगितलं नाहीस."

"नाही."

"मतलब मलाही नेणार होतीस? त्या बंद दारापाशी?"

 शामराव तापट नव्हते, आणि तेव्हाही ओरडले नाहीत. ते उरलेल्या पायऱ्या चढून आले, त्यांच्या बाजूने आत गेले, आणि आतून इंदुमतीबाईंची चप्पल आणून त्यांच्यासमोर ठेवली. एवढंच.

छावणीतल्या रुचिताच्या क्वार्टरपर्यंत जायला दोन रिक्षा बदलाव्या लागल्या. फाटकावरच्या शिपायाने नाव लिहून घेतलं, फोन केला, मग सोडलं. इंदुमतीबाई पहिल्यांदाच तिच्या घरी जात होत्या. घरात फर्निचर असं काही नव्हतंच, सरकारी पलंग, दोन खुर्च्या. जमिनीवर मात्र अजिंठ्याच्या चित्रांच्या छापील प्रती पसरलेल्या होत्या. रुचिता एकेका प्रतीच्या पाठीमागे मराठीत नावं लिहीत होती, मोठ्या अक्षरांत.

"कलावतीताईंना बारीक दिसत नाही," ती म्हणाली. "बसा ना, काकू. चहा टाकते. बरं झालं आलात, मला तुम्हाला विचारायचंच होतं. तुम्ही एवढ्या वेळा पाहिलंय, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपासून सुरुवात करू की बुद्धांच्या शेवटापासून?"

"मी एकदाच पाहिलंय," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पाचवीत. आणि काही दिसलं नव्हतं."

रुचिता हसायला लागली, मग थांबली.

"आणि दुसरं. तू सोमवार धरलायस. सोमवारी लेणी बंद."

रुचिताचा चेहरा अगदी तसाच पडला, जसा त्यांनी भाजी निवडताना पाहिला होता. फक्त त्यात गोड काही नव्हतं. तिने फोन घेतला, शोधलं, आणि कपाळावर हात मारला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

"वारच नाही पाहिला मी! अकरा बायका आणि काका! काकू, तुम्ही नसतात तर..."

"मला चार दिवस माहीत होतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. हे सांगायचं नाही असं त्यांनी रिक्षात ठरवलं होतं.

रुचिताने वर पाहिलं. बाहेर कवायतीच्या मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. तिने का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, चहात साखर घातली आणि पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुम्हाला मी आवडत नाही. सासूबाई म्हणतात, माझा आवाज फार मोठा आहे."

"मोठा आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या.

दोघींनी चहा घेतला. मग जमिनीवर बसून मंगळवार-बुधवारचा कार्यक्रम नव्याने लिहिला. दुपारची विश्रांती कुठे घालायची, कलावतीताईंना पायऱ्या कमी कशा पडतील, हे इंदुमतीबाईंनी सांगितलं, कारण ते त्यांना खरोखर कळत होतं.

घरी पोहोचेपर्यंत ग्रुपवर रुचिताचा निरोप आलेला होता. 'माझी मोठी चूक इंदुमतीकाकूंच्या लक्षात आली. त्यांनी घरी येऊन सांगितलं. त्यांच्यामुळे आपली सहल वाचली.' चार दिवसांचा उल्लेख नव्हता. खाली बदामांची रांग लागली होती. कलावतीताईंनी लिहिलं होतं, 'आमची इंदुमती ती इंदुमतीच.' हवं होतं ते सगळं त्यात होतं, आणि इंदुमतीबाईंना ते वाचवेना. ही पोरगी मनानेही आपल्यापेक्षा मोठी निघाली, म्हणजे आता तो मोठेपणाही गेला, असं वाटून त्यांना पुन्हा नव्याने जळजळ झाली. त्यांनी फोन पालथा ठेवला.

सहल झाली. प्राध्यापक खरोखरच पाच मिनिटं बोलले नाहीत. पहिल्या लेण्यात इंदुमतीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, रुचितानेच त्यांना पुढे केलं होतं. आधी नुसता काळोख. मग हळूहळू एक खांदा दिसला, मोत्यांची माळ, खाली झुकलेली पापणी. त्यांनी श्वास रोखून धरला.

दुसऱ्या दिवशी शामराव सव्वीस नंबरपर्यंत आपल्या पायांनी गेले. शेवटच्या पायऱ्यांवर गुडघा अडला तेव्हा त्यांनी आधारासाठी हात पुढे केला, आणि जवळ रुचिता होती, म्हणून तिचा धरला. इंदुमतीबाई दोन पावलं मागे होत्या. आत तथागत उजव्या कुशीवर आडवे होते, भिंतभर लांब. प्राध्यापक सांगत होते की खाली शोक करणारे शिष्य आहेत आणि वर देव आनंदाने वाद्यं वाजवताहेत. सगळ्यांनी हात जोडले. इंदुमतीबाईंनीही जोडले, पण त्यांची नजर नवऱ्याच्या त्या हाताकडे जात होती, जो अजून रुचिताच्या मनगटावरच होता.

त्या पुढे गेल्या. "इकडे द्या," म्हणाल्या, आणि तो हात काढून आपल्या हातात घेतला.