आशीर्वादाचा रकाना

"माझं शिवणाचं मशीन आशीर्वादाच्या रकान्यात लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"अगं, पण आशीर्वादच आहे तो," पाळक म्हणाले. ते खाटेच्या कडेला बसून चष्मा पुसत होते. दोनदा पुसून झाला होता.

"आणि छत गळतं ते? आईंचं औषध, पोरीची नर्सिंगची फी? प्रार्थनेचा रकाना कशाला असतो मग?"

"तिथे जागा उरली नाही. गवंड्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं, भाजीवालीचा जावई..."

"लहानपणीही हा स्वतःची पाटी दुसऱ्याला देऊन यायचा आणि मार खायचा," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

"तेव्हा एकट्याने खाल्ला, आई," पाळकबाई म्हणाल्या. "आता चौघांनी खायचाय."

वस्तीतल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचं दान प्रार्थनेच्या खोलीचं वीजबिल भरण्यापुरतंच. पाळकांचा पगार यायचा तो परमुलखातल्या एका मंडळीकडून, आणि त्यांना दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवावा लागे. त्यात दोन रकाने: आशीर्वाद आणि प्रार्थनेचे विषय. एकोणीस वर्षं पाळकांनी दुसऱ्यांची दुखणी प्रार्थनेत लिहिली आणि स्वतःच्या घरातलं बरं तेवढं आशीर्वादात. आपल्या घराचं रडगाणं लिहायची त्यांना लाज वाटे. या खेपेला त्यांनी लिहिलं, 'पत्नीचे शिवणकाम उत्तम चालले आहे. घराला काही कमी नाही.'

अहवाल जायचे वस्तीतल्या मंडळीच्या कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या हातून. त्यांनी ते वाक्य बरोब्बर उचललं. आज सकाळी ते स्वतः पत्र घेऊन दारात उभे राहिले. कुटुंब स्वावलंबी झाल्यामुळे पगाराची मदत 'अधिक गरजू सेवकाला' देण्यात येत होती. हा गरजू सेवक म्हणजे साहेबांचा धाकटा जावई. त्याच्या मोटरसायकलच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"देव पुरवतो, पाळकबाई," साहेब म्हणाले होते. "तुमच्या हातात तर कला आहे." आणि जाता जाता मशीनवर आपला कोट टाकून गेले. रविवारी पगार पाठवणाऱ्या त्या परमुलखातल्या मंडळीचे पाहुणे उपासनेला येणार होते, आणि त्यांना बोलण्याचा अर्थ साहेबच सांगणार होते. कोट काखेत काचतो, जरा सैल करून ठेवा.

कोट काचत होता कारण पाळकबाईंनी तो तसाच शिवला होता. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत 'झाडूवाली' म्हटलं होतं. प्रार्थनेची खोली त्याच झाडत, चटया त्याच अंथरत, हे खरं. पण म्हणण्याची एक रीत असते. तेव्हापासून हात वर करून प्रार्थना करताना साहेबांचा आवाज मधेच चिरकायचा. वस्तीत बाईंना उगाच 'टाचणी' म्हणत नव्हते. दिसायला एवढीशी, पण टोचली की कळायची.

मात्र आता काखेवर भागणार नव्हतं. फीचा हप्ता भरला नाही तर पोरीची दुसऱ्या वर्षाची जागा जाणार होती. तिने दुपारपासून नर्सिंगचं इंग्रजी पुस्तक उघडलं नव्हतं.

"मी कमिटीला विनंतीअर्ज लिहितो," पाळक म्हणाले.

"तो वाचणार कोण? सेक्रेटरीच ना?"

"मग क्षमा कर आणि सोडून दे. प्रभूने सांगितलंय, सत्तर वेळा सात..."

"माझी सत्तर केव्हाच झाली. मोजायला तुम्ही घरात कुठे असता?"

सासूबाईंना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

बाई पत्र पुन्हा वाचू लागल्या. उपासनेत साक्षीच्या वेळी कुणीही उठावं, मनातलं सांगावं, त्याला मधे तोडायचं नाही, असा नियम पाळकांनीच घातला होता. गेल्याच महिन्यात एका दारुड्याने पाऊण तास घेतला, तरी साहेबांना गप्प बसावं लागलं होतं.

त्यांनी पत्राची घडी घालून ब्लाउजात खोचली आणि जेवणाची ताटं मांडली.

"रविवारी साक्ष मी देणार आहे. हे पत्र अख्खं वाचणार, आणि तो गरजू सेवक कुणाचा कोण तेही सांगणार. पाहुण्यांना साहेबांनी सांगितलेला अर्थ नको. पोरी, तू माझ्या शेजारी उभी राहून शब्द न् शब्द त्यांना इंग्रजीत सांगायचा. आई, तुम्ही पहिल्या रांगेत. आणि तुम्ही, मी बसेपर्यंत डोळे मिटून प्रार्थना करायची. बसा जेवायला."