भावजींच्या खोल्या

परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, तू आणि लातूरचे आजोबा एकमेकांशी बोलत का नाही?" तुमच्या आईने मागून लगेच विषय बदलला. जुनं उकरून काढू नये असं तिला वाटतं. मला तसं वाटत नाही. तुम्हाला माझे दीर म्हणजे वाढदिवसाला कोडी पाठवणारे गमतीदार म्हातारे गृहस्थ वाटतात. मी त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहिले आहे. म्हणून क्रमाने लिहिते.

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. लातूरला एकाच लांबट घरात दोन बिऱ्हाडं होती. पुढच्या खोल्यांत आम्ही, मागच्या खोल्यांत भावजी आणि जाऊबाई. भावजी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी. संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांचा चहा एकत्र व्हायचा आणि चहाबरोबर वाद. या वादांबद्दल तुमचे आजोबा फार कौतुकाने सांगतात, "आमच्या घरी काय चर्चा व्हायच्या!" चर्चा कसल्या? भावजी बोलायचे, बाकीच्यांनी हरायचं, एवढंच ठरलेलं होतं. परदेशी कंपन्या आल्या तर देशाचं भलं होईल की वाटोळं, राखीव जागा असाव्यात की नसाव्यात, दगडाचा देव नवसाला पावतो का, कशावरही त्यांचं मत तयार. अर्थकारणावर तर त्यांचं एकच वाक्य होतं, "बाजार ठरवेल." मी काही बोलले की ते तुमच्या आजोबांकडे बघून म्हणायचे, "दादा, नांदेडच्या लोकांना गोदावरीचं पाणी भरपूर. तोंड सुकतच नाही त्यांचं."

तुमचे आजोबा हसायचे. "दोघांचंही बरोबर आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग भूकंप झाला. विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती. किल्लारीकडची गावं गेली. आमच्या शहरात भिंतींना तडे गेले आणि आमच्या घरात मधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक तडा आला. त्या भिंतीच्या अलीकडे तुमची आई झोपायची.

त्यानंतर कितीतरी महिने सगळं गाव बाहेर झोपत होतं. आम्हीही अंगणात पत्र्याचं शेड घातलं. ओट्यावरचा चहा शेडमध्ये आला आणि वादाला नवा विषय मिळाला. त्या गावांत मोठ्या दगडी घरातले लोक दबून मेले आणि गावकुसाबाहेर कुडाच्या झोपड्यांत राहणारे बरेचसे वाचले. त्यावर भावजी म्हणाले, "बघा, इथेसुद्धा त्यांनाच सवलत." माणसं मातीखालून काढायचं काम अजून चाललं होतं. मी हातातला कप खाली ठेवला आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी माझं मन साफ नाही. ते कधी साफ करावंसंही मला वाटलं नाही.

बाहेरगावच्या इंजिनिअर लोकांचा एक गट घरं बघायला आला होता. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून शाळेने मला दुभाषी म्हणून पाठवलं. त्यांच्याबरोबर हिंडताना मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आपल्याकडच्या दगडी भिंती दिसतात एक, पण असतात दोन. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, आणि मधे माती आणि दगडाच्या बारीक चिपा भरलेल्या. दुसरी गोष्ट, तडा वाढतो आहे की थांबला आहे हे बघायचं असेल तर त्याच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवायची. भिंत हलली तर काच तुटते.

गाव मात्र वेगळंच शिकलं. माणसं छपराखाली मेली म्हणून सगळा राग छपरावर निघाला. आमच्या घरावर पूर्वी माळवद होतं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची. ते काढून टाकलं, बरंच झालं. पण त्याच दगडमातीच्या भिंतींवर लोकांनी सिमेंटचा स्लॅब टाकला. गल्लीत घरोघरी हेच झालं. "स्लॅब पडला का? मग पक्कं झालं!" असं एकमेकांना सांगत लोक शेडमधून परत आत झोपायला गेले. आमच्याही घरावर स्लॅब पडला. मधल्या भिंतीच्या तड्यात सिमेंट भरून वर रंग दिला.

तोवर लातूरला क्लासेसचा सुकाळ झाला होता. निकाल लागले की वर्तमानपत्रभर मुलांचे फोटो यायचे आणि जून उजाडला की एस. टी. भरभरून पोरं यायची. अहमदपूर, बिलोली, मुदखेड, कुठून कुठून. हातात पत्र्याची पेटी, वडिलांच्या खांद्यावर गादी. आमची गल्ली क्लासेसच्या अगदी जवळ. भावजींनी चहाच्या वेळी जाहीर केलं, "स्लॅबवर चार खोल्या चढवतो. मुलींसाठी. वर पाण्याची मोठी टाकी."

मी म्हटलं, "आधी खालून खांब घ्या. या भिंती तेवढं वजन घेणार नाहीत."

"वहिनी, तुम्ही कविता शिकवा. वजन आमचा विषय आहे."

"मधल्या भिंतीला तडा आहे."

"प्लास्टरचा आहे. आणि जमिनीतला ताण एकदा मोकळा झाला की तिथे शेकडो वर्षं काही होत नाही. हे विज्ञान आहे."

"मी जमिनीबद्दल बोलत नाही, भावजी. भिंतीबद्दल बोलते आहे. तिला भूकंपच लागतो असं नाही."

तेव्हा त्यांनी तो डाव टाकला, जो मी आजही विसरले नाही. तुमच्या आजोबांकडे वळून म्हणाले, "दादा, खेड्यातल्या मुली डॉक्टर होऊ नयेत असं वहिनींना वाटतं. शाळेत भाषणं देतात, आणि घरात दोन मुलींना जागा द्यायची म्हटलं की भिंत आठवते." मी आयुष्यभर मुलींना शिकवलं होतं. तुमचे आजोबा म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे."

गल्लीच्या तोंडाशी तसबिरींना काचा बसवणारे चाचा होते. त्यांच्याकडून मी काचेची एक अरुंद पट्टी कापून आणली. भिंतीवरचा रंग खरवडला, तडा उघडा केला आणि त्यावर पट्टी बसवली. भावजी बघत उभे होते. मी म्हटलं, "तुम्ही प्रयोग मानता ना? हा प्रयोग."

"खुशाल करा."

स्लॅबवर विटा आणि वाळू चढली. त्याच आठवड्यात काच मधोमध तुटली. मी भावजींना बोलावून दाखवली.

"उन्हाने तडकली," ते म्हणाले. खोलीच्या आत, जिथे ऊन कधी पोचत नाही तिथे. मी दुसरी पट्टी बसवली. खोल्यांच्या भिंती छातीइतक्या झाल्या तेव्हा तीही तुटली. या वेळी म्हणाले, "काचच हलकी असणार." संध्याकाळी गल्लीत चाचांना गाठून त्यांनी विचारलंही. चाचा म्हणाले, "साब, काच मेरी है, दीवार आपकी है. मेरी चीज टूटी तो मैं बोला क्या कुछ?" गल्लीतले लोक हसले. भावजी चिडून घरी आले आणि काचेची उरलेली टोकं त्यांनी हातोडीने पाडली. फिजिक्सचा माणूस!

खोल्या उभ्या राहिल्या. निळा रंग दिला. दारावर पाटी लागली, "मुलींसाठी खोल्या मिळतील." तुमची आई तेव्हा अकरावीत होती. तिची खाट त्याच भिंतीला लागून, डोक्यावर आता स्लॅब, खोल्या आणि पाण्याची भरलेली टाकी. मी तिला पुढच्या खोलीत झोपवू शकले असते. पण वर ज्या मुली येणार होत्या, त्यांच्या आयांना कोण सांगणार होतं? मी दोघा-तिघा पालकांना तडा दाखवून पाहिला. एक जण म्हणाला, "मॅडम, गावाकडं आमचं घर याच्याहून लई फाटलंय. क्लास जवळ हाय, ते बघा की." आणि तो वर खोली बघायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी अंगणातलं शेड झाडून घेतलं. भूकंपाच्या वेळचंच ते, त्यात आता सरपण ठेवलेलं होतं. सरपण बाहेर काढलं. तुमच्या आईची खाट, टेबल, पुस्तकं आणि माझी खाट शेडमध्ये लावली. जूनचा उकाडा, पत्रा तापलेला. तुमची आई रडली, मैत्रिणी हसतील म्हणाली. मी म्हटलं, हसू दे. शेड फाटकाच्या अगदी समोर होतं. खोली बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या खाटांना वळसा घालून जिन्याकडे जावं लागायचं.

अहमदपूरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. भावजी जिन्यात उभे राहून टाकीचं, वाऱ्याचं, शांततेचं वर्णन करत होते. गृहस्थ माझ्यापाशी थांबले.

"बाई, हे घर कोणाचं?"

"आमचंच."

"अन् तुम्ही बाहेर झोपून राहिलात?"

"हो."

"लेकीला घिऊन?"

"हो."

"मग आमच्या लेकीला आत कशापायी?"

त्यांनी वर भावजींकडे पाहिलं. भावजी म्हणाले, "वहिनींना भूकंपाची भीती बसली आहे. डॉक्टरांचं औषध चालू आहे." हे ते माझ्या अंगणात, माझ्या मुलीसमोर म्हणाले.

गृहस्थांनी मुलीची पेटी उचलली. "औषध चालू असंल तर असंल," ते म्हणाले. "पर लेकरू काय कोणी उगं उन्हात ठेवत न्हाई."

ते गेले. दुपारपर्यंत बसस्टँडवरच्या रिक्षावाल्यांना गोष्ट कळली होती. निळ्या खोल्यांचे मालक स्वतः पत्र्यात झोपतात, हे त्या हंगामात सगळ्या पालकांना ठाऊक झालं. एकही खोली भरली नाही.

संध्याकाळी भावजी शेडसमोर आले. "वहिनी, हा युक्तिवाद नाही. हा तमाशा आहे."

"बाजाराने ठरवलं, भावजी," मी म्हटलं.

तुमच्या आजोबांनी त्या वेळी "दोघांचंही" म्हणायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले, आतून आपली गादी आणली आणि शेडमध्ये टाकली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी घेतलेली ही एकमेव बाजू.

पुढच्या हंगामाआधी भावजींनी खोल्या पाडल्या आणि त्याच विटा गावाबाहेरच्या नव्या प्लॉटवर नेल्या. आम्हीही काही वर्षांनी ते घर सोडलं. आता खरं सांगते, घर कधीच पडलं नाही. आजही लग्नकार्यात भावजी चारचौघांत विचारतात, "काय वहिनी, पडलं का घर?" लोक हसतात. मी सांगते, तुमच्या खोल्या उतरल्या म्हणून उभं आहे. ते मान हलवून दुसरीकडे वळतात. आमचं जे काही बोलणं होतं ते एवढंच.

त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. देव न मानणाऱ्या माणसाकडे होम चालला होता, त्याबद्दल मी काही बोलले नाही. पण तळमजल्यात पाऊल टाकलं आणि थांबले. जाडजूड खांब, जवळजवळ, जिकडे बघावं तिकडे खांब. पंगतीत ते वाढायला आले तेव्हा मी विचारलं, "भावजी, इतके खांब कशाला?"

माझ्या ताटात जिलबी टाकत ते म्हणाले, "अजून तीन मजले चढवायचेत. क्लासची पोरं वाढलीत ना."

खांब मी सांगितलेले, आणि माझं नावसुद्धा नाही. मी ताटावरून उठले. तुमचे आजोबा मात्र पोटभर जेवून आले.